शेवटचे आठ फेरे

प्रिय भिंगरी,

तुझ्या कार्यालयाचा लिफाफा मंगळवारी पोचला. आत तीन कागद निघाले. एक चौकशीची सूचना, एक तुझ्या सहीचं विनंतीपत्र आणि एक टाइप केलेलं निवेदन, ज्याच्या खाली माझं नाव आधीच छापलेलं आहे आणि वर सहीपुरती जागा सोडली आहे. विनंतीपत्रात तू मला ‘माननीय महोदय’ म्हटलं आहेस. आईला तिचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून तेवढी ओळ तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, चला, या घरात कुणीतरी तुम्हाला महोदय म्हणालं. निवेदन पाच ओळींचं आहे. मुख्य लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करण्याचं काम मी स्वतः करून दाखवलं, त्यावरून तुमच्या पुस्तिकेतली पद्धत लिहिली गेली, आणि ती पद्धत पूर्ण व बरोबर आहे. सोमवारच्या चौकशीआधी सही करून पाठवायचं. आज गुरुवार. उद्या सकाळी टपालात टाकलं की शनिवारी हे पत्र तुझ्या हातात पडेल.

सही करायला दोन सेकंद पुरतात, मग बाबा पानंच्या पानं का लिहितात, असं तुला वाटेल. फोनही करता आला असता. पण फोनवर तू ‘बोला बाबा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस आणि मी ‘काही नाही, सहजच’ म्हणून ठेवून देतो. गेली चार-पाच वर्षं आपलं असंच चाललं आहे, आणि त्यात तुझा एकटीचा दोष नाही. घरी सगळं ठीक आहे. शिलाईची कामं कमी केली असं आई सांगते, पण मशीनचा आवाज काही कमी झालेला नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे. चाळीस वर्षं सगळ्या शहराला पाणी सोडणाऱ्या माणसाच्या घरचा नळ गळतो, यावर शेजारी यथेच्छ हसून घेतात. वायसर आणून ठेवला आहे, बसवायचा मुहूर्त लागत नाही.

आता त्या मुलीबद्दल. तुझ्या कागदांत तिला ‘संबंधित प्रशिक्षित कर्मचारी’ म्हटलं आहे. मी तिला चावीवाली म्हणतो, कारण आमच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हची चावी हातात घेणारी ती पहिलीच मुलगी, आणि तुझ्या पुस्तिकेवरून शिकलेल्या पहिल्या तुकडीतली. गेल्या महिन्यात सकाळी सहाच्या सुमारास तिने बाजाराच्या चौकातली मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद केली. चावी काढून चेंबरचं झाकण लावते आहे तोच शंभर पावलांवर रस्ता खचला. बिडाची साठ वर्षांची लाइन, उभी फुटली. सायकलवरून चाललेला दूधवाला खड्ड्यात गेला, त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. प्रसूतिगृहाला तीन दिवस टँकरचं पाणी न्यावं लागलं. हे सगळं तू वाचलं आहेसच. मुलगी म्हणते, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दहा मिनिटांत बत्तीस फेरे देऊन बंद केलं. पुस्तिका बरोबर असेल, तर मुलगी खोटं बोलते आहे. मुलगी खरं बोलत असेल, तर पुस्तिका चुकली आहे. पुस्तिकेवर चार खात्यांचे शिक्के आहेत, आणि मुलीपाशी एक प्रमाणपत्र, तेही सोमवारी काढून घेतील. माझी सही कशासाठी हवी आहे हे त्या पाच ओळींतून मला कळलं. मी आठवीपर्यंतच शिकलो, पण तेवढं वाचता येतं.

पुस्तिकेची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती याच घरात. तू नोकरीला लागलीस त्या वर्षी सुट्टीत आली होतीस आणि जेवता जेवता मला समजावून सांगत होतीस. शिक्षणखातं शाळा-कॉलेजं चालवतं, पण शिकून बाहेर पडलेलं पोर पुढे कुठे जाणार हे विचारत नाही. पाणीखातं, रस्तेखातं, आरोग्यखातं माणसं मागतात, पण ती कोण घडवणार याची फिकीर करत नाहीत. कामगारखातं अपघात झाल्यावर जागं होतं. शिकणं आणि हातातलं कसब ही एका खात्याची जबाबदारी नाही, सगळ्या खात्यांच्या धोरणात ती असली पाहिजे, असं तू म्हणालीस, आणि तुझी भाजी ताटात गार झाली. एका कामाची एकच पुस्तिका. शिक्षणखात्याने त्यावरून शिकवायचं, कामगारखात्याने प्रमाणपत्र द्यायचं, पाणीखात्याने माणूस घ्यायचा, आणि काही बिनसलं तर विमाखात्याने तीच उघडून बघायची. मला ते मनापासून पटलं. मी हे काम शिकलो ते ओरडा खात, एका मुकादमाच्या हाताखाली, आणि त्याने मला पाच वर्षं नुसती झाकणं उचलायला लावली. एक गोष्ट विचारली की दोन लपवायचा. तो गेला तेव्हा अर्धं काम त्याच्याबरोबर गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जाण्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, मलासुद्धा. हे सगळं कुणीतरी कागदावर आणावं आणि आणणारी माझी पोरगी असावी, याचा मला किती अभिमान वाटला ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

पुढे केंद्र उघडलं, आणि निवृत्त झाल्यावर मला तिथे शिकवायला घ्यावं असं तूच सुचवलंस. शिक्षणखात्याने कळवलं, शिकवणारा पदविका झालेला हवा. कामगारखात्याने कळवलं, अनुभव चालेल, पण त्या अनुभवाचा दाखला शिक्षणखात्याने द्यावा. ती फाइल दीड वर्ष दोन इमारतींमध्ये येरझाऱ्या घालत होती आणि शेवटी दमून कुठेतरी बसली. तू फार चिडलीस. मी हसण्यावारी नेलं. माझे हात बघून पुस्तक लिहिता येतं, पण त्या हातांनी खडू धरलेला चालत नाही, असं आईला म्हणालोसुद्धा. मनातून मात्र मला सुटल्यासारखं वाटलं होतं. का, ते पुढे येईल.

चावीवाली आपल्या घरी येऊन गेली हे तुला माहीत नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आभारांमध्ये माझं नाव बारीक अक्षरात आहे, त्यावरून पत्ता काढत आली. मला वाटलं रडेल, तुमच्या मुलीपाशी माझ्यासाठी शब्द टाका म्हणेल. तसलं काही नाही. तिने पिशवीतून पुस्तिका काढली. वर प्लास्टिकचं वेष्टन, आत ओळन् ओळ पेन्सिलीने अधोरेखित, कडेला खुणा. म्हणाली, ‘काका, तुम्ही हे काम चाळीस वर्षं केलंत. मी कुठे चुकले तेवढं सांगा. नोकरी राहो न राहो, मला कळायला पाहिजे.’ मी चष्मा लावून चौदावं पान वाचत बसलो. त्यात वाचायचं काय होतं, माझंच काम होतं. शेवटी ‘बघतो’ म्हणालो आणि चहा पाजून पोरीला परत पाठवलं. ती वळणापलीकडे गेल्यावर आई म्हणाली, ‘तुम्हाला ठाऊक होतं, तरी गप्प बसलात.’ तुझ्या आईबरोबर एवढी वर्षं संसार केल्यावर ‘काय ठाऊक होतं’ असं विचारण्यात अर्थ नसतो.

तर आता तुला कामच सांगतो. पुस्तिका लिहिणारीला मी काम समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण सोमवारी ऐकायला बसणाऱ्या साहेबांना ते सांगावं लागेल, तेव्हा आधी तुझ्यावर सराव करतो. रस्त्याखाली चेंबरमध्ये व्हॉल्व्ह असतो. त्याच्या डोक्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी बसवून ती फिरवायची, बत्तीस फेरे. पहिले चोवीस कसेही दे, पाण्याला पत्ता लागत नाही. वाट अरुंद झाली तरी ते तितकंच पळत राहतं. खरं बंद होतं ते शेवटच्या आठांत. पळत्या पाण्यापुढे दार धाडकन लावलं की ते मागे फिरून धडक मारतं, आणि लाइन जिथे म्हातारी असेल तिथून बाहेर येतं. नव्या लाइनीला त्याचं काही वाटत नाही. इंजिनिअर साहेबांनी तुझं पान नव्या लाइनीचं गणित मांडून तपासलं आणि मान हलवली, तेही आपल्या जागी बरोबर. जुन्या लाइनीला मात्र एक फेरा द्यायचा आणि थांबायचं. तळहात चावीवर ठेवायचा. चावी थरथरत असते. थरथर सरली की पुढचा फेरा. कधी तीन मिनिटं लागतात, कधी पाच. शेवटच्या आठ फेऱ्यांना अर्धा-पाऊण तास जातो. एवढा वेळ रस्त्यात खांबाला हात लावून उभा राहिलेला माणूस वेडा दिसतो, म्हणून मी बादली उलटी घालून तिच्यावर बसायचो, एक हात चावीवर आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला पेपर. एका फेऱ्याला एक पान. तेव्हा पेपर आठ पानांचाच असायचा. पुढे तो सोळा पानांचा झाला, पण मी शेवटपर्यंत आठच वाचली, त्यामुळे खेळाच्या बातम्यांत मी अजून कच्चा आहे. या थांबण्याला आमच्यात नाव नव्हतं. चावी हातात आली की ते आपोआप यायचं, आणि नाव नसलेली गोष्ट कुणाच्या यादीत जात नाही.

तीन वर्षांपूर्वी तू आलीस, बरोबर दोघे जण, एकाच्या हातात घड्याळ आणि दुसऱ्याच्या हातात तक्ता. मला निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि आई दारातून हसत होती. तुम्हाला मी दुपारी दोनची वेळ दिली होती, आठवतं? आमचं बंद करण्याचं काम असतं सकाळचं. पण दुपारी दोनला टाकी जवळजवळ रिकामी असते, लाइनीत जोरच नसतो, आणि बत्तीसच्या बत्तीस फेरे एका दमात दिले तरी काही बिघडत नाही. हे मला ठाऊक होतं, तुम्हा तिघांना नव्हतं. बादली आणि पेपर मी घरीच ठेवून आलो होतो. मी एका दमात फेरे दिले. घड्याळवाल्याने अकरा मिनिटं लिहिली, छापताना त्याची दहा झाली. तक्तेवाल्याने विचारलं, ‘काका, यात काही राहिलं का?’ मी नाही म्हणालो.

हे वाचून तुला आधी वाटेल की बाबांनीही मुकादमासारखं हातचं राखून ठेवलं. तसं नव्हतं. तसं असतं तर निदान त्यात थोडा हिशेबीपणा दिसला असता. मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी ऊन फार होतं, तुम्हाला परतीची गाडी गाठायची होती, जुन्या लाइनी सगळ्या बदलणारच आहेत असं साहेब म्हणाले होते. केंद्रात मला घेतलं नाही तेव्हा सुटल्यासारखं वाटलं ते यामुळेच. तिथे मुलांना शेवटचे आठ फेरे शिकवायचे, तर पुस्तिका चुकली आहे हे आधी तुला सांगावं लागलं असतं. रोज उद्यावर ढकलत गेलो. लाइन फुटल्यावर दूधवाल्याला भेटायला दवाखान्यात गेलो होतो. पाणीखात्यातून कुणीतरी आलं म्हणून त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी मी चावीवालीला पंपघराच्या आवारात घेऊन गेलो. तिला निलंबित केलं आहे, कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावायची बंदी आहे. पण तिथला पहारेकरी माझा जुना दोस्त. म्हणाला, ‘मी पलीकडे झाडांना पाणी घालतो, तिकडून इकडचं काही दिसत नाही.’ आवारात टाकी धुवायच्या पाण्याची एक जुनी लाइन आहे, फुटली तरी बागच भिजेल अशी. चोवीस फेरे तिने झपाझप दिले. पंचविसाव्याला मी तिचा हात चावीवर तसाच ठेवायला लावला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. थरथर सरेपर्यंत तिने हात काढला नाही आणि सरल्यावर मी न सांगता पुढचा फेरा दिला. मग त्याच्या पुढचा. एकदाच दाखवावं लागलं, भिंगरी. मुकादमाने मला पाच वर्षं लावली होती. शिकवण्यातलं सुख काय असतं ते मला बासष्टी उलटल्यावर कळलं, आणि तेही चोरून. हात पुसताना ती म्हणाली, ‘काका, हे पुस्तकात नाही.’ मी म्हणालो, ‘नाही.’ तिने त्यापुढे काही विचारलं नाही. दुसरी कुणी असती तर सोडलं नसतं.

तुझं पाकीट आलं ते त्यानंतर दोन दिवसांनी. मला वाटलं होतं, आई म्हणेल, लेकीच्या नोकरीचा प्रश्न आहे, मुकाट्याने सही करा. ती शिवता शिवता म्हणाली, ‘करायची तर करा. पण मग ती पोरगी पुन्हा दारात आली तर चहा तुम्हीच करा, मी बाहेर येणार नाही.’ आणि मशीन चालू केलं.

तेव्हा तुझं निवेदन मी सही न करता परत पाठवतो आहे. सोमवारी अकरा वाजता मी स्वतः येईन आणि सांगेन, की मुलीने पुस्तिकेत होतं तसंच केलं, पुस्तिकेत मी दाखवलं तसंच लिहिलं गेलं, आणि मी दाखवलं ते चूक होतं. याने तुझ्यावर शिंतोडे उडतील हे मला कळतं. लोक म्हणतील, स्वतःच्या बापाचं काम बघून पुस्तक लिहिलं आणि तेही धड बघितलं नाही. चारही खात्यांना चौदावं पान मागे घ्यावं लागेल, आणि ज्यांना ही कल्पनाच नको होती ते म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? त्यांच्यापुढे मान खाली घालू नकोस. खात्यांना एका टेबलाशी बसवणं बरोबरच होतं. त्याच टेबलाशी एका चावीवाल्याला खुर्ची देऊन, पान छापण्याआधी ते त्याला वाचून दाखवायचं राहिलं. अर्थात दाखवलं असतंत तरी त्या वेळी मी खरं बोललो असतो का, याची खात्री मी देत नाही. नवं चौदावं पान माझ्या हाताने लिहून सोबत जोडलं आहे. अक्षर लावून घे. शब्द तुमच्या पद्धतीचे घाल, पण त्यात आठ वेळा ‘थांबणे’ लिहिलं आहे, ते कुणाला काढू देऊ नकोस. वेळ वाया जातो म्हणून कुणीतरी नक्की काढायला सांगेल.

साहेब मला विचारतील, त्या दिवशी एवढी घाई का केलीत. मी म्हणेन, चूक झाली. खोदून विचारलं तरी तेवढंच म्हणेन. खरं कारण फक्त तुला सांगायचं आहे, हे पत्र त्यासाठीच लिहिलं. तू सहावीत होतीस. सकाळच्या शाळेला जाताना तुझ्या मैत्रिणींनी मला चौकात बसलेलं पाहिलं आणि ‘हिचे बाबा सरकारचे जावई’ म्हणून तुला चिडवलं. तू हे आईला सांगितलंस, मला नाही. दुसऱ्या दिवसापासून तू चौकाची वाट सोडलीस आणि मागच्या गल्लीने शाळेत जायला लागलीस, ती दहावी होईपर्यंत. मी तुला जवळ बसवून समजावून सांगायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम होतं. पण पोरीला बापाच्या कामाची लाज वाटते, तिथे आपण होऊन काय बोलायचं, असं वाटून ते राहून गेलं. मला ते लागलं होतं, भिंगरी, फार लागलं होतं. मग इतक्या वर्षांनी तू स्वतःहून माझं काम बघायला आलीस, चेंबरच्या काठाशी येऊन उभी राहिलीस. त्या दिवशी तुझ्यासमोर मला नुसतं बसून राहणं जमेना. तू बघत होतीस, म्हणून मी थांबलो नाही.

तुझाच,
बाबा